कानावरची लाल पेन्सिल

४ फेब्रुवारी

प्रिय काकू,

पुस्तकांची दोन्ही खोकी सुखरूप पोचली. हमालाने ती दारात अशी आपटली की खालच्या मजल्यावरच्या बाई काय पडलं म्हणून वर बघायला आल्या. तुमच्या घराचं रंगकाम संपेपर्यंत पुस्तकं माझ्याकडे राहतील, काळजी नसावी. पलंगाखाली जागा होती, तिथे खोकी तशीच सरकवून देणार होते. पण तू मला खारूताई म्हणतेस ते काय उगाच? समोर खोकं आलं की ते उकरल्याशिवाय मला चैन पडत नाही.

काकू, मी थक्क झाले! सगळी श्रद्धेवरची पुस्तकं. प्रार्थनेवरचं ते निळं, बैराग्याच्या प्रवासाचं जाडजूड, मठातल्या बाईंच्या आठवणींचं छोटं हिरवं. आणि जवळजवळ प्रत्येकात काकांच्या खुणा! समासात एक जाड लाल रेघ. मी बघताक्षणी ओळखली. काचेवर माप आखायची ती मेणासारखी पेन्सिल, काकांच्या कानावर कायम खोचलेली असते ती. लहानपणी मला वाटायचं ती त्यांच्या कानाला उगवलेली आहे.

काका इतकं वाचतात आणि कुणाला पत्ता नाही! दिवसभर काचा कापायच्या, लोकांचे फोटो चौकटीत बसवायचे, आणि मनात हे सगळं चाललेलं. म्हणून माझ्या डोक्यात एक कल्पना आली आहे. पुढच्या महिन्याच्या शेवटी त्यांची पंचाहत्तरी. त्यांनी खूण केलेले सगळे उतारे निवडून मी एक छोटं पुस्तक मांडणार, ‘काकांच्या खुणा’ नावाचं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद कुणीच वाचत नाही, तो मांडण्यात माझी उमर चालली आहे. एकदा तरी वाचण्यासारखं काही मांडू दे की!

फोन करणार नाही, कारण फोन दुकानात काकांच्या कोपराशी. पोस्टमन येतो तेव्हा ते मापं घ्यायला बाहेर असतात, म्हणून पत्र. कुणाला बोलायचं नाही हं. नमुन्याला निळ्या पुस्तकातला पहिला उतारा देते: ‘पुढील प्रकरणात आपण याचाच अधिक विस्ताराने विचार करू.’ वरवर किती साधं आहे, नाही? मी यावर अख्खी संध्याकाळ विचार केला. श्रद्धा म्हणजे पुढच्या प्रकरणावरचा भरवसाच की! काकांनी बरोबर पकडलं.

तुझी
खारू


९ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

तुझं पत्र पोचलं, वाचलं आणि साखरेच्या डब्यामागे लपवलं. घरभर रंगाचा वास आहे, जिन्यात शिडी आडवी आहे, आणि तुझे काका दुकान सोडून रंगाऱ्याला रंग कसा द्यायचा ते शिकवताहेत. रंगारी बिचारा हो हो म्हणतो आणि हे खाली गेले की आपल्या पद्धतीने देतो.

तुझी माया मला कळते गं. पण पुस्तकाचं राहू दे. त्यांना एक चांगलासा गळपट्टा दे. जुन्याला भोकं पडली आहेत. दुकानात वारं फार येतं. त्या खुणांचं एवढं मनावर घेऊ नकोस. हाताशी पेन्सिल असली की माणूस कुठेतरी रेघ मारतोच. तुझे काका गप्प बसतात, म्हणून लोकांना ते फार विचारी वाटतात. अर्धा वेळ त्यांच्या डोक्यात एवढंच चाललेलं असतं की चहा झाला की व्हायचाय.

आणि निळं पुस्तक उघडलंच आहेस तर त्या खुणेपाशी अडकून बसू नकोस, दोन पानं पुढे जा. खरी गंमत तिथे आहे. म्हणजे, असेल असं वाटतं. मुखपृष्ठावरून.

जेवणखाण वेळेवर करतेस ना? गळपट्टा राखाडी बघ.

तुझी
काकू


१५ फेब्रुवारी

काकू, काकू, काकू,

मुखपृष्ठावरून दोन पानं पुढचं कळतं होय? तू पण ना! गळपट्टा आत्या देणार आहे, तेव्हा ती जागा गेली.

हो, आत्याला सांगितलं. मला राहवलंच नाही. ती म्हणाली, “दादा पहिल्यापासून खोल आहे, आम्हालाच पत्ता लागला नाही.” मग तिने घरातल्या सगळ्यांना सांगितलं, आता एका काकांना सोडून सगळ्यांना माहीत आहे. तिने सभागृहसुद्धा ठरवलं. आणि तिची कल्पना ऐक: प्रत्येक उतारा मी वाचायचा आणि तो का आवडला ते काकांनी उभं राहून सांगायचं! ऐनवेळी, तयारी न करता. अंगावर काटा आला ना?

उतारे तर एकाहून एक निघताहेत. बैराग्याच्या पुस्तकातला हा बघ: ‘तांड्यात गाढवं अकरा होती, पैकी दोन लंगडी.’ समासात लाल रेघ, ठसठशीत. मी आधी गोंधळले, खोटं कशाला बोलू? मग रात्रभर डोकं चालवलं तेव्हा उलगडलं. आपण सगळेच त्या तांड्यात आहोत, काकू. आणि लंगड्यांनाही मोजलेलं आहे, सोडलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

दुसरा: ‘मठाच्या उत्तरेला कोठार होते. त्याच्या छपराची डागडुजी दरवर्षी करीत.’ याच्यावर अजून विचार चालू आहे.

तुला हे सगळं कंटाळवाणं वाटत असेल, मला कळतं. तुला वाचनाची आवड नाही आणि सवड तर त्याहून नाही. पण एक काम कर. जेवताना सहज विषय काढ, कोठाराबद्दल त्यांचं काय मत आहे ते विचार, आणि लगेच लिहून पाठव.

खारू


२० फेब्रुवारी

खारूताई,

मी कोठाराबद्दल विचारलं. ते म्हणाले, “कुणाचं कोठार?” झालं समाधान?

आणि गाढवं ती गाढवंच असतात गं! बैराग्यांच्या तांड्याकडे सामान होतं, सामान वाहायला गाढवं लागतात, त्यातली दोन लंगडत होती. लेखकाला पुढे नदी ओलांडायची आहे, म्हणून त्याने ते आधी सांगून ठेवलं. त्यात डोळ्यांत पाणी यायला काय झालं? रडायचंच होतं तर पुढे जाऊन रडायचंस. तो बैरागी त्या बंद दारापाशी येतो, ठोठावून ठोठावून दमतो, तिथे. ‘कुणी उघडेना, तेव्हा मी पायरीवर बसून राहिलो. उजाडलं आणि मला सुचलं, पायरीसुद्धा घरातच धरतात की.’ हे वाक्य सोडून माणूस गाढवं मोजत बसतो म्हणजे कमाल झाली.

आता म्हणशील काकूला हे कसं ठाऊक? झाडलोट करताना पुस्तक उघडं पडलं होतं, नजर गेली. पुस्तकं काय, झाडताना उघडी पडतातच.

ते भाषणाचं मात्र आत्याला आजच्या आज सांगून बंद कर. ह्यांना सगळ्यांसमोर उभं करू नका. आमच्या लग्नात आभार मानायला उभे राहिले, सगळे कान टवकारून बसले, आणि हे काय म्हणाले? “पंखा जरा हळू करा.” आणि बसले. त्या माणसाला तुम्ही कोठाराच्या छपरावर बोलायला लावणार? चारचौघांत त्यांची फजिती झाली तर मला सहन व्हायचं नाही, सांगून ठेवते.

माझं ऐक, हे पुस्तकाचं खूळ सोड.

काकू


२७ फेब्रुवारी

प्रिय काकू,

रागावलीस? पत्राला ‘प्रिय’सुद्धा नाही! भाषणाचं आत्याला सांगितलं. ती म्हणते, “दादा बोलेल, विषय त्याच्या जिव्हाळ्याचा आहे.” पायरीचं वाक्य छान आहे गं, पण तिथे काकांची खूण नाही, मग मी ते कसं घेणार? पुस्तक काकांच्या आवडीचं आहे.

खूळ सोडायला आता उशीर झाला आहे. मांडणी पुरी झाली, प्रूफं काढली आणि कालच तुझ्या नावाने पोस्टात टाकली. काका बाहेर गेले की उघड.

आता एक वाईट बातमी. पुस्तकांना काहीतरी झालंय. कार्यालयात माझ्या टेबलावर एक वाकडा दिवा आहे, त्याचा प्रकाश आडवा पडतो. काल त्याच्याखाली हिरवं पुस्तक धरलं तर समासात जागोजागी बारीक खाचा! चंद्रकोरीसारख्या, कागदात दबलेल्या. सरळ प्रकाशात दिसत नाहीत, बोट फिरवलं की लागतात. मग बाकीची पुस्तकं काढली, तर त्यांतही तेच. दुकानातल्या काचांच्या कडा लागल्या असतील किंवा झुरळं. मला तर झुरळंच वाटतात.

पण तुझी पुतणी कागदातली माणूस आहे, घाबरू नकोस. हिरव्या पुस्तकाची पानं किंचित ओलसर केली, वर टिपकागद ठेवला आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवली. अर्धं पुस्तक झालं, आणि पानं अशी गुळगुळीत झाली आहेत की बघत राहशील! काकांच्या लाल रेघा मात्र उष्णतेने थोड्या फाकल्या, त्या आधीच उतरवून घेतल्यात म्हणून बरं. रविवारी उरलेली सगळी पुस्तकं इस्त्री करून टाकते.

रंग कोणता दिला शेवटी?

खारू


३ मार्च

खारू,

आधी ती इस्त्री बाजूला ठेव. पत्र पुढे वाचण्याआधी ठेव. वायर काढ.

ती झुरळं नाहीत. ते माझं नख आहे.

आता सगळं सांगते, कारण तू ऐकणाऱ्यातली नाहीस आणि मला दुसरा मार्ग ठेवला नाहीस. दुपारी तुझे काका दुकानाला कुलूप लावून वर येतात, जेवतात आणि आडवे होतात. लग्न झालं तेव्हा त्यांना दुपारी डोळा लागत नसे, काचेचा आवाज कानात राहतो म्हणायचे. मी म्हटलं, काहीतरी वाचून दाखवते. माझ्या वडिलांनी पाठवलेली ही पुस्तकं तेवढी घरात होती. वाचायला घेतलं आणि पहिल्या पानातच हे घोरायला लागले. तेव्हापासून रोजचा नेम झाला. मी वाचायचं आणि ह्यांनी झोपायचं.

ती पेन्सिल कानावर तशीच असते. ती काढली नाही तर उशीला लाल डाग पडतो आणि तो जाता जात नाही. म्हणून मी ती हळूच काढते, आणि हातात आहेच तर ह्यांना कुठे झोप लागली तिथे समासात एक रेघ ओढते. म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांना तिथून पुढचं वाचून दाखवायचं. तुझं कोठार, तुझी गाढवं आणि तुझं ते पुढचं प्रकरण हे एवढंच आहे गं. जिथे मजकूर सर्वांत कंटाळवाणा तिथे ह्यांना सर्वांत छान झोप लागते. तू त्यांच्या झोपेचा ग्रंथ मांडून बसली आहेस!

ते झोपले की पुढचा वेळ माझा. मग मी माझ्यासाठी वाचते. आवडलं ते पुन्हा वाचते. वडील म्हणायचे, पुस्तकात लिहू नये. ह्यांच्या झोपेपुरती एक रेघ चालवून घेते, पण माझ्यासाठी पेन्सिल खाली ठेवते आणि समासात नुसतं नख दाबते. कुणाला दिसत नाही, पण मला कळतं. काय सांगू तुला, एखादं वाक्य असं समोर येतं की जणू मला बघून कुणीतरी जागा करून दिली. मग त्याच्याशेजारी नख ओढलं की दिवसभर ते माझं. भांडी घासताना माझं, जिना चढताना माझं. कधी कधी एका दुपारी चार वाक्यं सापडतात आणि मला इतका आनंद होतो की ह्यांना हलवून उठवावंसं वाटतं. उठवत नाही, दमलेले असतात.

हिरवं पुस्तक पहिलं. त्यात माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांच्या खुणा होत्या. तुला ठाऊक नव्हतं, तुझी चूक नाही. पण वाईट वाटलं गं. फार वाईट वाटलं. पत्र वाचून मी थोडा वेळ जिन्यातच बसले. रंगाऱ्याला वाटलं मला चक्कर आली.

आता कृपा करून हे पुस्तक थांबव. कुणाला खरं सांगायचं नाही. घरातले सगळे त्यांना एवढं मानायला लागलेत, आणि तिथे सगळ्यांसमोर कळायचं की माणूस आयुष्यभर झोपला होता! त्यांना हसतील. मला वाचनाची आवड नाही असं तुम्हाला वाटतं ना, वाटू दे. आजवर वाटत होतं, त्याने माझं काही अडलं नाही.

तुझी
काकू

ता. क. प्रूफं अजून आली नाहीत.


५ मार्च

चि. खारूस आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे. कंबर धरली आहे म्हणून मापं घ्यायला गेलो नाही, दुकानातच होतो. तुझी काकू दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. पोस्टमनने पाकीट दिलं. नाव तिचं होतं, पण पाकिटावर तुमच्या औषध कंपनीचा शिक्का. मला वाटलं तिच्या दाताचं काही असेल. उघडलं.

‘काकांच्या खुणा’ पूर्ण वाचलं. पहिल्यांदाच एखादं पुस्तक पूर्ण वाचलं. गंमत अशी की त्यातलं प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटलं. आधी कळेना, मग लक्षात आलं. त्या त्या दुपारी मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य होतं.

खुणा तिच्या आहेत. तिला वाटतं मला माहीत नाही. तू आता पुस्तक छापणारच आहेस, तर नीट छाप, म्हणून सांगतो.

बहुतेक वेळा मी खरंच झोपायचो. उगाच मोठेपणा घेत नाही. पण रोज नाही. मला वाचून दाखवते तेव्हा ती भरभर वाचते, नोटीस वाचल्यासारखी. काम उरकल्यासारखी. मी झोपलो असं वाटलं की तिचा आवाज उतरतो. मग ती हळू वाचते, तोंडातल्या तोंडात. एखादं वाक्य दोनदा, कधी तीनदा. मग थांबते. मग कागदावर नख फिरतं.

काच कापताना हिरकणी फिरते तेव्हा बारीक आवाज येतो. त्या आवाजावरून मला कळतं काच सरळ तुटणार की वाकडी. आयुष्य त्या आवाजावर काढलं. तिच्या नखाचा आवाज तसाच आहे, एकदम सरळ. तो ऐकायला मी डोळे लवकर मिटायला शिकलो. मी जागा आहे हे कळलं असतं तर तिने परत नोटीस वाचायला घेतली असती.

पुस्तकांच्या समासात बोट फिरव, तिच्या खुणा लागतील. त्या छाप. माझ्या झोपेच्या नकोत. तिला आधी सांगू नकोस, नाही म्हणेल. माझ्यावर हसले तर हसू देत, मला काही होत नाही. पाकिटात कार्यक्रमाचा कागदही होता, त्यातलं भाषण मी करीन. छोटं.

प्रूफं परत पाकिटात घालून पाठवत आहे. तिला आलीच नाहीत असं समज.

आणि एक. पेन्सिल दुकानातच ठेवून वर येता आलं असतं. इतकी वर्षं मुद्दाम कानावर ठेवून येतो. तिने काढावी म्हणून.

काका


१० मार्च

प्रिय काका,

तुमचं पत्र वाचून मी कार्यालयात रडले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं आणि मी म्हटलं, काचेची धूळ गेली डोळ्यात. आमच्याकडे काच कुठून येणार?

सांगता तसंच करते. रोज संध्याकाळी वाकड्या दिव्याखाली एकेक पान धरते आहे. मठातल्या बाईंचं हे ऐका: ‘शंका आली की मी भांडी घासायला घेते. भांडी लख्ख होतात. शंका तिथेच असते, पण आता ती आवरलेल्या घरात असते.’ इथे खूण इतकी खोल आहे की मागून बोटाला लागते. हे आपल्या काकूचंच नाही का? मी तिला म्हटलं होतं तुला वाचनाची आवड नाही, आणि तेही लेखी. माझ्या अकलेला इस्त्री करायला हवी.

त्यावरून आठवलं, हिरव्या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग मी खरोखरच इस्त्रीने सपाट केला आहे. तिथलं आता काही सापडत नाही. मी बोट फिरवून फिरवून दमले. काय करू?

खारू


१० मार्च

प्रिय काकू,

पुस्तक रद्द केलं. प्रूफं वाटेत हरवली असणार, बरंच झालं. आत्याला सांगितलं की छपाईचं यंत्र बिघडलं. आता साधा वाढदिवस, चहा आणि गळपट्टा.

हिरव्या पुस्तकाबद्दल मला माफ कर. वायर तेव्हाच काढली. अजून लावलेली नाही, चुरगळलेल्या कपड्यांत कामावर जाते आहे. तेवढी शिक्षा मला हवीच.

तुझी
खारू


३० मार्च

खोटारड्या खारूताई,

यंत्र बिघडलं काय? प्रूफं हरवली काय? तू आणि तो घोरणारा माणूस, दोघांनी मिळून मला बनवलंत!

मी पहिल्या रांगेत निवांत बसले होते. म्हटलं, आज काही करायचं नाही, चहा प्यायचा. तू वर गेलीस, तुझ्या हातात ते पुस्तक दिसलं आणि मी कप खाली ठेवला. मग तू नाव वाचलंस, ‘काकूच्या खुणा’, आणि मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तू पायरीचं वाक्य वाचलंस. भांड्यांचं वाचलंस. माझी वाक्यं गं, जी मी कधी मोठ्याने उच्चारलीसुद्धा नव्हती, ती भरल्या सभागृहात! मला लाज वाटत होती, राग येत होता आणि इतका आनंद होत होता की आत्याचा हात मी दाबून दाबून लाल केला. नंतर तीच म्हणाली, “वहिनी, तू खोल निघालीस.” म्हटलं, तुमच्या घराण्यात खोल व्हायला कुणीतरी बाहेरूनच यावं लागतं.

आणि ह्यांचं भाषण! “या पुस्तकातलं मी काहीच ऐकलेलं नाही असं तिला वाटतं. बरंचसं ऐकलेलं आहे. पंखा जरा हळू करा.” आणि बसले. सगळे हसले, आणि मी मात्र ह्यांच्याकडे बघतच राहिले. घरी आल्यावर विचारलं, बरंचसं म्हणजे किती? म्हणाले, “चहा होतोय का?” मग मी साखरेच्या डब्यामागून तुझी पत्रं काढून त्यांच्यापुढे ठेवली, आणि त्यांनी सांगितलं, तुला लिहिलं होतं ते सगळं. नखाचं, पेन्सिलीचं. थोडक्यात सांगितलं, त्यांच्या पद्धतीने, भिंतीच्या नव्या रंगाकडे बघत. मी भांडणार होते. इतकी वर्षं डोळे मिटून ऐकत होता म्हणजे काय? पण भांडण राहिलं बाजूला. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, बस्स.

आता काल दुपारची गंमत. जेवण झालं, मी पुस्तक घेतलं, तर हे म्हणाले, “आज तू आडवी हो.” आणि तुझं छापलेलं पुस्तक उघडून वाचायला लागले. मी ठरवलं होतं, अजिबात झोपायचं नाही, डोळे मिटून ऐकत राहायचं आणि सगळा हिशेब चुकता करायचा. जाग आली तेव्हा ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. पेन्सिल माझ्या कानावर होती, माझ्या उशीवर लाल डाग पडला होता, आणि पुस्तकात रेघ होती ती कुठे, सांगू? तुझ्या प्रस्तावनेच्या दुसऱ्या ओळीवर. मनाला लावून घेऊ नकोस. तू छान लिहितेस, फक्त लांबण फार लावतेस.

मी पुढची पानं चाळली. बऱ्याच आत, जिथे मठातल्या बाई रडणाऱ्या शिष्येला म्हणतात, ‘लक्ष नाही लागलं तर नाही. तू बसलीस ना? बसलेलंही पोचतं,’ तिथे समासात एक खाच आहे. माझी नाही, छापलेल्या पुस्तकात माझी कशी असणार? अंगठ्याची आहे, रुंद, वेडीवाकडी, आणि इतकी दाबलेली की मागच्या दोन पानांवर उमटली आहे. मी झोपल्यावर हे एकटेच पुढे वाचत बसले होते. कशी वाटली ओळ म्हणून मी विचारलं नाही. तिच्याशेजारी माझंही नख ओढलं आणि पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवलं.

उशीचा अभ्रा अजून धुतलेला नाही.

तुझी
काकू

ता. क. हिरवं पुस्तक परत मिळालं. तू इस्त्री केलेली पानं पहिल्यापासून वाचते आहे. कुठे काय खूण होती ते आठवत नाही, म्हणून नव्याने करते आहे, आणि गंमत म्हणजे दरवेळी भलतंच वाक्य आवडतंय. तेव्हा मी केवढी होते, मला काय कळत होतं? बरं झालं इस्त्री फिरवलीस. आता तुझे कपडेही कर.